आयकार्ड दाखवा, मगच आत या!

आपल्या पेशींच्या गेटवरचा वॉचमन भलताच कडक. पण त्यालाही गुंडाळता येतं, हे एका बाईंनी दाखवून दिलं...

2021 आठवतंय? लस घेतली, रात्री ताप, सकाळी बॉसला एसएमएस : ‘सर, आज जमणार नाही.’ सातपूर-अंबडच्या कंपन्यांपासून कॉलेज रोडच्या ऑफिसांपर्यंत तीच स्टोरी. शेजारच्या डेस्कवरचा मात्र एकदम फ्रेश! खरं तर तो ताप म्हणजे आपल्याच पेशींचा आरडाओरडा. ‘कोणीतरी परकं आत शिरलंय होऽऽ!’

पण परकं कोण आणि आपलं कोण, हे पेशींना कळतं कसं?

कोरोना, डेंग्यू, चिकुनगुन्या... या सगळ्या व्हायरसांचा मसाला म्हणजे आरएनए. गंमत अशी, की आरएनए आपल्याही प्रत्येक पेशीत असतो. अक्षरंही तीच चार. फरक आहे तो आयकार्डाचा. आपली पेशी स्वतःच्या आरएनएवर ठिकठिकाणी बारीकसारीक केमिकल खुणा करते. डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे आपले वॉचमन, या खुणा तपासतात. खूण दिसली, जाऊ दे. नाही दिसली, वाजव सायरन!

हे उलगडलं कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या जोडीनं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फोटोकॉपी मशीनपाशी यांची ओळख झाली. (आपल्याकडे झेरॉक्सच्या रांगेत फक्त भांडणं होतात!) कारिकोबाई मूळच्या हंगेरीच्या. आरएनएपासून औषध बनवायचं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ग्रँट मिळेना, 1995 मध्ये तर चक्क डिमोशन झालं. अप्रेझलमध्ये मार खाल्लेल्यांनी इथे जरा थांबून श्वास घ्यावा.

अडचण होती ती वॉचमनचीच. लॅबमध्ये बनवलेला आरएनए दिला, की डेन्ड्रायटिक पेशी खवळायच्या. पण सस्तन प्राण्यांच्या पेशींतून काढलेला टीआरएनए दिला, तर शांत! टीआरएनएवर केमिकल खुणांची नुसती गर्दी असते. तिथेच ट्यूब पेटली. त्यांनी आरएनएमधलं ‘यू’ हे अक्षर बदलून स्यूडोयुरिडिन घातलं. अणू तेच, तेवढेच. फक्त साखरेला जोडलं जायची जागा वेगळी. सायरन जवळजवळ बंद! 2005 मध्ये पेपर आला. फारसं कुणी वळून पाहिलं नाही. पुढे याच स्यूडोयुरिडिनचा भाऊबंद फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्नाच्या लशींत गेला आणि 2023 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जर्मनीच्या क्युअरव्हॅकनं मात्र साधा, न बदललेला आरएनए वापरला. 2021 मध्ये त्यांची लस 50 टक्क्यांपर्यंतही पोचली नाही. दोष या साध्या आरएनएचा, की कमी ठेवलेल्या डोसचा, की बदललेल्या व्हायरसचा, यावर तज्ज्ञांत वाद आहे.

व्हायरसही काही कमी नाही हं! ही आयडिया त्याला आपल्याआधीच ठाऊक होती. कोरोनाचा व्हायरस स्वतःच्या एन्झाइमनं आरएनएच्या टोकाला आपल्या पेशीसारखीच टोपी चढवतो. डुप्लिकेट आयकार्ड! सायरन उशिरा वाजतो आणि तेवढ्या वेळात तो आपल्या हजारो प्रती काढून मोकळा.

आता आपल्याकडे या. नाशिककरांच्या दंडात गेली ती बहुतेक पुण्याच्या सीरमची कोव्हिशील्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन. दोन्ही एमआरएनए नव्हेत. देशी एमआरएनए लस बनवली ती पुण्याच्याच जेनोव्हानं. 2022 मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली, 2023 मध्ये ओमायक्रॉनसाठीची जेमकोव्हॅक-ओएम आली. तिचा फंडा वेगळा : पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए. अशा लशींत हे कॉपी मशीन घेतात अल्फाव्हायरसच्या घराण्यातून. हे घराणं आपल्या चांगलंच ओळखीचं. 2006 च्या सुरुवातीला मालेगावात सांधे धरून बसवणारा चिकुनगुन्या त्यातलाच!

आणि इथे कारिकोबाईंची युक्ती अडखळते. बाहेरून खुणा करून पाठवलेला आरएनए आत गेला, तरी पुढच्या प्रती निघतात पेशीतल्या साध्या अक्षरांतून. म्हणजे आयकार्ड फक्त पहिल्याच पाहुण्याकडे! त्यामुळे वॉचमन थोडा ओरडणारच. थोडा ओरडलेला बराही, कारण त्याच आरड्यानं पुढची फौज जागी होते. जास्त ओरडला तर लशीचं काम सुरू व्हायच्या आधीच आरएनए गारद. हे गणित जमवणं म्हणजे मिसळीच्या तर्रीचा अंदाज. जरा इकडेतिकडे झालं की पाणीच पाणी, डोळ्यांतून तरी नाहीतर वाटीत तरी.

जेनोव्हाच्या या लशीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. ती कोरडी पूड असते आणि 2 ते 8 अंशांत टिकते. परदेशी लशींसारखा उणे तापमानाचा डीप फ्रीझर नको. पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रातला फ्रिजही चालेल. आणि टोचायला सुईसुद्धा लागत नाही!