विधी स्वयंसेवक म्हणजे फुकटचा वकील नव्हे

एलएल.बी.चा निकाल लागला की घरचे ‘वकीलसाहेब’ म्हणू लागतात. पण अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार केवळ पदवीवर वकिली करता येत नाही. त्यासाठी सनद (राज्य बार कौन्सिलकडील नोंदणी) लागते. मधल्या काळात अनेकजण विधी सेवा प्राधिकरणाकडे (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी वैधानिक संस्था) विधी स्वयंसेवक म्हणून जातात आणि तिथे येणारे लोक त्यांनाच आपला वकील समजतात.

या स्वयंसेवकाचे काम आशा सेविकेसारखे असते. ती आजार ओळखायला मदत करते, दवाखान्यापर्यंत सोबत येते. शस्त्रक्रिया करत नाही.

समजा, एखादी बाई कोर्टाची नोटीस घेऊन आली. स्वयंसेवक आधी त्यावरची तारीख पाहतो, मजकूर सोप्या भाषेत सांगतो, मोफत वकिलासाठीचा अर्ज भरून देतो. नवख्या पदवीधराला इथे कलमे ऐकवण्याचा मोह फार होतो. बाईला मात्र ‘कोणत्या दिवशी, कुठल्या खोलीत’ एवढेच हवे असते. बाजू मांडण्याचे काम प्राधिकरणाने नेमलेला वकील करतो. स्वयंसेवकाला मानधन मिळते ते प्राधिकरणाकडून. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

‘मोफत म्हणजे फक्त गरिबांना’ हाही गैरसमजच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100.