शिकवणाऱ्यांनी शिकायचं कुठं?

डॉक्टर नवीन औषधांची माहिती घेत राहतात. वकिलाला नवे कायदे वाचावेच लागतात. शाळेतल्या गुरुजींनाही सुट्टीत प्रशिक्षणाला बोलावतात. पण दर रविवारी प्रवचन देणारा, लग्न लावणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि शेवटी माणसाला मातीपर्यंत पोचवणारा जो धर्मसेवक असतो, तो एकदा शिकून बाहेर पडला की त्याच्या पुढच्या शिक्षणाचं काय? आज याच प्रश्नाबद्दल थोडं बोलायचं आहे आणि तेही ख्रिस्ती धर्मसेवकांच्या संदर्भात. कारण त्यांच्याकडे या शिक्षणाची घडी बरीच विचारपूर्वक बसवलेली आहे आणि गेल्या पाव शतकात ती संगणकाच्या पडद्यावर आली आहे.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. शिक्षण बी.ए.पर्यंत. मग मी या विषयाकडे कसा आलो, असं कुणी विचारील. मी भाषेच्या वाटेनं आलो. मराठीवर प्रेम करणाऱ्याला ही वाट चुकवता येत नाही. गोव्यात राशोल इथं १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल मराठीत आणलं. ही सगळी माणसं धर्मसेवक होती आणि मरेपर्यंत विद्यार्थी होती.

आता या शिक्षणात असतं काय? त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग ईश्वरज्ञानाचा. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि थोडा अरामी भाषेत आहे, नवा करार ग्रीक भाषेत. त्या भाषा, त्या काळाचा इतिहास, चर्चचे सिद्धांत, नीतिशास्त्र हे सारं यात येतं. दुसरा भाग सेवाकार्याचा. प्रवचन कसं तयार करावं, उपासना कशी चालवावी, दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावं आणि काय बोलू नये, मंडळीचा कारभार आणि हिशेब कसा ठेवावा, हे त्यात येतं. पहिला भाग सावकाश बदलतो. दुसरा मात्र दर दहा वर्षांनी बदलतो. तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या पाळकाला मोबाईलमध्ये हरवलेला मुलगा कुणी दाखवला नव्हता. मुलं परदेशी आणि म्हातारा-म्हातारी घरात एकटी, हा प्रश्नही तेव्हा पुस्तकात नव्हता.

म्हणून कॅथलिक चर्चनं हे शिक्षण प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. १९८३च्या चर्च कायद्यात २७९वं कलम त्यासाठीच आहे. गुरुदीक्षेनंतरही धर्मगुरूनं शास्त्राभ्यास चालू ठेवावा, त्यासाठी होणाऱ्या व्याख्यानांना जावं आणि सेवेला उपयोगी पडतील अशी इतर शास्त्रंही शिकत राहावं, असं ते सांगतं. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूंच्या घडणीवर सविस्तर पत्रक काढलं. त्यातही आयुष्यभराच्या शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

कायदा झाला, पण अडचण व्यवहाराची असते. चार गावांच्या मंडळ्या सांभाळणारा पाळक वर्षभर शहरात जाऊन शिकणार कसा? त्याचा पगार बेताचा, घरी मुलं शाळेत. तो गेला तर रविवारची उपासना कोण घेणार?

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दुरून शिकवणं हा काही संगणकाचा शोध नाही. नव्या करारात संत पौलाची पत्रं आहेत. करिंथकरांना, थेस्सलनीकाकरांना, रोमकरांना लिहिलेली. पौल एका गावी असे आणि शंका दुसऱ्या गावच्या लोकांना पडत. तो लेखनिकाला पत्र सांगे आणि कुणी विश्वासू माणूस ते घेऊन जाई. रोमकरांचं पत्र फीबी नावाच्या बाईनं नेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आमच्या कवींच्या दुनियेतही हे होतंच. दिल्लीत बसलेले मिर्झा गालिब शिष्यांच्या रचना टपालानं मागवत, दुरुस्त करत आणि टपालानंच परत पाठवत. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल तफ्ता हे त्यांचे लाडके शिष्य असेच पत्रांतून शिकले. मुसलमान उस्ताद, हिंदू शागिर्द, भाषा फारसी आणि मध्ये डाकिया. याला दूरशिक्षण नाही तर काय म्हणायचं?

ख्रिस्ती शिक्षणात या विचाराला पद्धतशीर रूप मिळालं ते ग्वाटेमालात, १९६३ साली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की राजधानीत येऊन शिकलेले तरुण खेड्यात परत जात नाहीत. उलट खेड्यात ज्यांच्या शब्दाला मान आहे ती प्रौढ माणसं शेती आणि संसार सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्स्लर या शिक्षकांनी मग उलटा मार्ग धरला. विद्यार्थी येत नाही तर सेमिनरीनं त्याच्याकडे जावं. विद्यार्थी घरी पाठ वाची, आपल्या मंडळीत काम करी आणि आठवड्यातून एकदा शिक्षक त्याच्या भागात येऊन चर्चा घेई. पुढे टेड वॉर्ड या शिक्षणतज्ज्ञानं या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली. कुंपणाला दोन आडव्या दांड्या असतात, एक वाचनाची आणि दुसरी कामाची. पण त्यांना जागोजागी जोडणारे खांब हवेत. ते खांब म्हणजे नियमित भेटी. खांब नसतील तर दांड्या खाली पडतात. ही उपमा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात हे काम १९७१मध्ये ‘टाफ्टी’ या बंगळुरूच्या संस्थेनं हाती घेतलं. दुसरं मोठं नाव सेरामपूरचं. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली हुगळीकाठी हे कॉलेज काढलं. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. डेन्मार्कच्या राजानं १८२७ साली या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. हे कॉलेज ख्रिस्ती विद्यार्थ्यांबरोबर इतरांसाठीही होतं आणि तिथं पौर्वात्य साहित्य व पाश्चात्त्य विज्ञान दोन्ही शिकवलं जाई. ईश्वरज्ञानाच्या पहिल्या पदव्या मात्र १९१५ साली दिल्या गेल्या. आज देशभरातली अनेक ख्रिस्ती महाविद्यालयं सेरामपूरच्या सेनेटशी जोडलेली आहेत. नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या प्रापंचिकांना घरी राहून पदविका आणि पदवी घेता यावी, अशीही सोय सेनेटनं केली आहे.

यानंतर आलं इंटरनेट. अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांचं उदाहरण घेऊ. ते तीन ते पाच आठवड्यांचे असतात. ठरावीक वेळी पडद्यासमोर बसण्याची सक्ती नसते. आठवड्याचा पाठ वाचायचा, दिलेल्या प्रश्नावर आपलं मत लिहायचं, इतरांचं वाचून उत्तर द्यायचं. कुणी पहाटे लिहितो, कुणी मुलं झोपल्यावर. वर्गात मागच्या बाकावर बसून गप्प राहता येतं, इथं ते जमत नाही. प्रत्येकाला लिहावंच लागतं. लाजाळू माणसाला हे फार मानवतं, हे मी कवी म्हणून सांगू शकतो.

पैसे न मोजताही पुष्कळ शिकता येतं. येल विद्यापीठानं जुन्या करारावरची क्रिस्टीन हेज यांची २४ आणि नव्या करारावरची डेल मार्टिन यांची २६ व्याख्यानं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. ती श्रद्धेचा उपदेश करत नाहीत, इतिहासाच्या अंगानं ग्रंथ उलगडतात. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसनं ‘स्टेप बायबल’ हे साधन विनामूल्य दिलं आहे. त्यात एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द समोर येतो. रमाबाईंना हे साधन मिळतं तर त्यांचे किती कष्ट वाचले असते!

मार्च २०२०मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली आणि जे ऐच्छिक होतं ते सक्तीचं झालं. सेमिनऱ्या बंद झाल्या, वर्ग पडद्यावर गेले. पूर्वी नाक मुरडणाऱ्या प्राध्यापकांनाही शिकवावं लागलं. टाळेबंदी उठली, तरी पडद्यावरचे वर्ग पूर्ण उठले नाहीत.

आता नुकसानीचा हिशेबही मांडायला हवा. आमच्याकडे दीनी शिक्षणात ‘इजाजत’ असते. उस्तादानं शागिर्दाचं पठण समोर बसून ऐकलं, त्याचं वागणं पाहिलं आणि मग शिकवण्याची परवानगी दिली, अशी ती साखळी असते. सेमिनरीतही वर्गापेक्षा जास्त घडण होते ती एकत्र जेवताना, प्रार्थनेला उठताना, भांडण मिटवताना. ग्रीक व्याकरण पडद्यावर येतं. प्रवचन चित्रित करून शिक्षकाला पाठवता येतं. पण मरणाऱ्या माणसाजवळ गप्प कसं बसावं, हे जाणत्या माणसाबरोबर त्या खोलीत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगल्या संस्था वर्षातून काही दिवस विद्यार्थ्यांना एकत्र बोलावतात आणि प्रत्येकाला जवळपासचा एक अनुभवी मार्गदर्शक जोडून देतात. म्हणजे कुंपणाचे खांब आलेच.

दुसरी अडचण आपल्या घरची आहे. बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. मराठवाड्यातल्या किंवा नगर भागातल्या पाळकानं ते वाचलं, तरी रविवारी त्याला मराठीतच बोलायचं असतं. जशीच्या तशी इंग्रजी वाक्यं उलथून टाकली तर समोरची आजी मान डोलावते, तिच्या हाती काही लागत नाही. कॅरींना हे ठाऊक होतं, म्हणून ते वैजनाथ पंडितांजवळ बसून मराठी शिकले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून तेच केलं. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, ते या भाषासेवेमुळेही. असे अभ्यासक्रम मराठीत तयार व्हायला हवेत, आणि त्यात मराठी लेखकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, हात द्यायला हवा, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. पैसे भरा आणि घरबसल्या ‘डॉक्टर’ व्हा, अशा दुकानांचाही इंटरनेटवर सुकाळ आहे. प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या पदवीला मान्यता कुणाची? शिकवणारे कोण आणि ते स्वतः कुठं शिकले? लिहिलेलं कुणी वाचून परत पाठवतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

या शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ मला दिसतो तो बायकांचा आणि प्रापंचिकांचा. शाळेत नोकरी करणारी, घर सांभाळणारी बाई रात्री दहानंतर नव्या कराराचा अभ्यास करू शकते. जिथं स्त्रियांना गुरुदीक्षा मिळत नाही तिथंही ती रविवारची शाळा घेते, रुग्णांना भेटते, तरुण जोडप्यांना सल्ला देते. तिच्याजवळ ज्ञान असलं की तिचं ऐकलं जातं.

कुणी म्हणेल, त्यांच्या धर्मसेवकांनी शिकलं काय न शिकलं काय, तुम्हाला त्याचं काय? मला त्याचं बरंच काही आहे. आपण एकाच गल्लीत राहतो. चर्च असो, मशीद असो की मंदिर, अर्धवट शिकलेला माणूस ध्वनिक्षेपक हाती घेतो तेव्हा पहिला त्रास त्याच्या स्वतःच्या लोकांना होतो आणि दुसरा शेजाऱ्यांना. ज्यानं आपला ग्रंथ इतिहासासकट वाचला आहे, तो दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी बोलताना जरा थांबतो. तो थांबणं अभ्यासातून येतं. पाळण्यापासून कबरीपर्यंत इल्म शोधा, असं आमच्या घरांत वडीलधारी सांगत आली. आमच्या इमामसाहेबांसाठीही अशी काही घरबसल्या शिकण्याची, पण भेटींचे खांब असलेली व्यवस्था मराठीतून उभी राहावी, अशी माझी इच्छा आहे. शेजाऱ्यांनी तिचा आराखडा साठ वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. तो मागायला संकोच कशाला?