खाऱ्या पाण्यातले मासे आणि मोबाईलचा कॅमेरा

आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा आई-वडिलांबरोबर एका लग्नासाठी रत्नागिरीला जाऊन आला. लग्न उरकल्यावर तिघे तिथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय बघायला गेले. परत आल्यावर पोरगा वडिलांचा मोबाईल घेऊन धावतच माझ्याकडे आला. "काका, मासा बघा!" मी बघितले. फोटोत ट्यूबलाईट होती, पोराचा स्वतःचा चेहरा होता, मागे नवरीकडच्या कुणा पाहुण्यांची टोपी होती. मासा तेवढा नव्हता.

मला हसू आले, पण हसून सोडून देता आले नाही. मी त्याच्यापेक्षा लहान असताना वडिलांबरोबर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून वडिलांनी मरीन ड्राईव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. त्यांनी उचलून मला काचेपाशी धरले होते, हे अजून आठवते. घरी आल्यावर आईने विचारले, "कसले रे मासे होते?" मला नीट सांगता येईना. पिवळा होता, पट्टे होते, एवढेच. आमच्या घरात कॅमेरा नव्हता. आईने ते मासे कधीच पाहिले नाहीत. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय २०१५ मध्ये नवे रूप घेऊन पुन्हा उघडले होते, पण पुढे इमारत धोक्याची ठरली आणि ते बंद पडले.

असो. शेजारच्या पोराने मग हट्ट धरला, की घरातच समुद्री माशांची टाकी हवी. त्याचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगवर आहेत. ते म्हणाले, "दादा, तुम्ही हिशेबातले माणूस. जरा समजावा त्याला." आम्ही वहीच घेऊन बसलो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मीठ, तेही घरातले नव्हे, खास समुद्री मिश्रण. आठवड्याला १० लिटर पाणी बदलायचे तर दर वेळी आणखी ३५० ग्रॅम. पंप आणि दिवे मिळून १०० वॅट धरले आणि रात्रंदिवस चालवले, तर महिन्याला ७२ युनिट वीज. शिवाय पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोज गोडे पाणी घालायचे. दिवसभर वीज गेली तर मासे दगावण्याची भीती वेगळीच. पोराने वही मिटली. "मग आपण नुसतेच बघायचे का, काका?"

त्यावर मी त्याला फोटोच्या स्पर्धांची गोष्ट सांगितली. खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारे हौशी लोक जगभर आहेत, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आहेत. त्यांच्या मंडळींत टाकीतल्या माशांच्या, प्रवाळांच्या फोटोंची स्पर्धा लागते. सभासद मते देतात आणि पहिला आलेला फोटो मिरवला जातो. मात्र पुष्कळ ठिकाणी अट अशी, की फोटो स्वतःच्या टाकीचाच हवा. म्हणजे कॅमेरा कुणाच्याही हातात असो, दार उघडते टाकी असलेल्यालाच. ही अट कुणी वाईट हेतूने घातलेली नाही, आपली टाकी आपण कशी राखली हे त्यांना दाखवायचे असते. पण आपल्या माणसांना दारावरच्या अटी लवकर ओळखू येतात.

खरे तर चांगल्या फोटोला स्वतःची टाकी लागत नाही. काही गोष्टी कळाव्या लागतात. फ्लॅश बंद ठेवायचा. तो काचेवरून उलटून येतो आणि माशालाही त्रास होतो. मोबाईल काचेला अलगद टेकवायचा, म्हणजे आपले प्रतिबिंब पडत नाही. तिरके धरू नये, जाड काचेतून मासा वेडावाकडा दिसतो. काचेवरचे बोटांचे ठसे आधी रुमालाने पुसावेत. प्रवाळाच्या टाक्यांवर बहुधा निळे दिवे असतात आणि फोटो सगळा निळाशार येतो. मोबाईलमध्ये रंगाचे तापमान बदलण्याची सोय असेल तर वापरावी. मुख्य म्हणजे माशाच्या मागे कॅमेरा पळवू नये. टाकीतला मासा बरेचदा एकाच वाटेने फेऱ्या घालतो. ती वाट हेरून थांबावे. वळताना तो क्षणभर मंदावतो, तेवढ्यात फोटो.

बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, त्या कोल्हापुरातल्या मुलांना हे जड जाऊ नये.

समुद्राखालचे पहिले रंगीत फोटो १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी काढले. उजेडासाठी त्यांनी पाण्यावर तराफा ठेवून मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. ते फोटो जानेवारी १९२७ च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे माणूस समुद्राच्या तळाशी रंग टिपत होता आणि इकडे आमच्या आजोबा-पणजोबांना तळ्याचे पाणी शिवायला सत्याग्रह करावा लागत होता!

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. मालवणला गेल्यावर 'शोपीस'साठी प्रवाळाचा तुकडा आणणे, मग तो मेलेला का असेना, गुन्हा ठरतो. बाजारातले कित्येक समुद्री मासे थेट समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपाईन्स-इंडोनेशियात तर सायनाईड फवारून मासे बधिर करून धरल्याचे प्रकार गाजले आहेत. पट्टेरी नारिंगी क्लाऊन मासा मात्र आता आपल्या देशातही कृत्रिम प्रजननाने तयार होतो. रोज विहारात आपण पाणातिपाता आणि अदिन्नादाना म्हणतो. फोटोत प्राण जात नाही आणि न दिलेले काही उचलले जात नाही, म्हणून मला हा छंद पटला.

या वर्षावासात आमच्या विहारात मुलांच्या फोटोंची स्पर्धा घ्यायचे ठरले आहे. विषय 'पाण्यातला जीव'. रत्नागिरीचे मत्स्यालय, दुकानातली टाकी, रंकाळ्याचा काठ, कुठलाही फोटो चालेल. अट एकच, काढताना माशाला किंवा कुठल्याही जिवाला त्रास दिलेला नसावा. नाव फोटोच्या मागे लिहायचे, पुढे नाही. अश्विन पौर्णिमेला सगळे फोटो भिंतीवर लागतील आणि मते आया-बहिणी देतील.

शेजारच्या पोराने दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता वडिलांकडून पुढच्या रविवारची रत्नागिरीची एसटी कबूल करून घेतली आहे. रुमाल धुऊन ठेवला आहे, असे वहिनी सांगत होत्या.