साक्ष आणि स्मरण

‘हुतात्मा’ या शब्दात आहुतीला प्राधान्य आहे. ख्रिस्ती परंपरेत त्या अर्थी रूढ झालेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘साक्षीदार’ असा आहे. हा भेद लहान नाही. आहुतीपुढे मस्तक नमवले की भागते. साक्ष ऐकून घ्यावी लागते.

इ. स. २०३ च्या मार्च महिन्यात कार्थेज नगरीत, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, सम्राटपुत्राच्या वाढदिवसाच्या खेळांत पर्पेच्युआ नावाची सुमारे बावीस वर्षांची कुलीन स्त्री श्वापदांपुढे सोडण्यात आली आणि अखेर तलवारीने मारली गेली. सम्राटासाठी यज्ञ करण्यास तिने नकार दिला, एवढाच तिचा अपराध. तुरुंगातील काळोख, अंगावर पिणाऱ्या मुलाची काळजी आणि आपल्या पिकल्या केसांची कीव कर म्हणून विनवणारा बाप, हे सारे तिने स्वहस्ते लिहून ठेवले आहे.

तिच्यासोबत मरण पत्करणारी फेलिसिटी ही दासी. ती तुरुंगातच प्रसूत झाली. पण तिची हकीकत दुसऱ्यांनीच सांगितली. इ. स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लिओं शहरी छळ सोसून मेलेली ब्लांडिना हीही दासीच, आणि तीही परक्या लेखणीतूनच उरली आहे. धैर्य तिघींचे, लेखणी मात्र एकीच्याच हाती. पर्पेच्युआचे शब्द टिकले, तेही केवळ तिच्या मरणामुळे नव्हे. उत्तर आफ्रिकेतील चर्चमधून तिच्या स्मृतिदिनी ते मोठ्याने वाचले जात, म्हणून ते टिकले.

लेखणी हाती असूनही साक्ष ऐकली जातेच असे नाही, याचा दाखला शोधण्यास बुलढाण्याबाहेर जावे लागत नाही. येथील ताराबाई शिंदे यांना प्राण द्यावे लागले नाहीत. त्यांना हुतात्मा म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु ‘साक्षीदार’ हे नाव त्यांना नि:संशय शोभते. त्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्कच्या कन्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. पण त्या निमित्ताने समग्र स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्यांना सडेतोड उत्तर दिले. टीकेचा भडिमार झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत.

ही सुमारे नव्वद वर्षांची शांतता कोणा सम्राटाने लादलेली नव्हती. ती वाचकांचीच होती. स्त्रीच्या त्यागाचे गोडवे गाण्यात समाज कधीच कमी पडत नाही. तिचे म्हणणे वाचण्याची वेळ आली की मात्र त्याला सवड मिळत नाही. बुलढाण्यातील प्रत्येक शाळेत वर्षातून एक दिवस ताराबाईंच्या पुस्तकाचे एखादे पान एखाद्या मुलीने उभे राहून मोठ्याने वाचावे. कार्थेजकरांनी याहून अधिक काय केले?