चटका कळलाच नाही

एक बाई भाकरी भाजत होती. बोटावर टरटरून फोड आला. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, केवढं भाजलंय! दुखत नाही का गं?"

ती म्हणाली, "नाही. मला तर कळलंच नाही."

फोड आज ना उद्या बरा होईल. पण चटका कळला नाही, हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

दुखणे आपल्याला नको असते. पण ते शरीराचे राखणदार आहे. चटका बसला की नसा मेंदूला वर्दी देतात. नसच बिघडली तर वर्दी जात नाही. हात बधिर होतो.

हात अंगाखाली दबला की मुंग्या येतात. झटकला की जातात. त्याची भीती नाही. रोज रात्री अंगठा व शेजारची बोटे बधिर होत असतील, तर मनगटात नस दाबली जात असेल. मधुमेहानेही बधिरपणा येतो. डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी एका बाजूचा हात बधिर पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर क्षणभरही थांबू नये. रोग्याला लगेच मोठ्या इस्पितळात न्यावे.

त्या बाईच्या हातावर एक फिकट चट्टा होता. त्याला खाज नव्हती, तो दुखत नव्हता. लोक काय म्हणतील, म्हणून तिने तो पदराखाली लपवला होता. असा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो.

हा रोग म्हणजे देवाचा कोप नव्हे, की मागल्या जन्मीचे पाप नव्हे. तो जंतूंमुळे होतो. 1873 साली नॉर्वे देशातील डॉक्टर हॅन्सन यांनी ते जंतू शोधून काढले. सरकारी दवाखान्यात याचे औषध फुकट मिळते. 6 किंवा 12 महिने ते नेमाने घ्यावे. रोग बरा होतो. औषध सुरू झाले की लवकरच दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. घरदार सोडावे लागत नाही. उशीर केला, तर मात्र नस कायमची बिघडते आणि बोटे वाकडी होतात.

हात बधिर असेल तर गरम भांडे फडक्याने किंवा सांडशीने धरावे. रोज हात निरखून पाहावेत. ते साध्या पाण्यात भिजवून तेल लावावे.

त्या बाईने शेवटी आशाताईला चट्टा दाखवला. आपणही आज आपले हात पाहू या. दुखते त्याची काळजी आपण घेतोच. दुखत नाही, तेही दाखवू या.