केबल सोडून बघितली का?

गेल्या जूनमध्ये आमच्या मेस्त्रींनी गॅरेज बंद केलं. शेडची जागा बिल्डरकडे गेली. सत्तरी ओलांडल्यावर नवी जागा कुठे शोधायची, म्हणून ते गावी मुलाकडे निघून गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी माझ्या १९९४ च्या मारुती ८०० चा क्लच जड झाला. सिग्नलला उभं राहिलं की डावा गुडघा भरून यायचा.

गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या मुलाने पेडल दोनदा दाबलं, गाडीचं साल विचारलं आणि ‘क्लच सेट’ असं लिहून घेतलं. गिअरबॉक्स उतरला. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं पडलं, साडेसात हजारांचं बिल झालं. गाडी घेऊन निघालो तर पहिल्याच चौकात कळलं, पेडल होतं तितकंच जड आहे. परत गेलो. उत्तर मिळालं, ‘जुनी गाडी आहे काका, असंच राहणार.’

साडेसात हजारांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. क्लच काही वयाने जड होत नाही. त्याला कारण असतं, आणि ते शोधायची एक रीत असते. ही रीत मी नव्वदीच्या दशकात त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून पाहिली आहे.

तेव्हा पुण्याहून मुंबईला जायचं ते जुन्या हायवेने. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. तोवर खंडाळ्याचा घाट म्हणजे मालट्रकच्या मागे हाफ क्लचवर रांगत चढणं. चढावर हँडब्रेक न ओढता क्लचवरच गाडी धरून ठेवायची खोड आम्हा सगळ्यांना होती. १९९७ मध्ये सहा महिन्यांत माझ्या दोन क्लच केबल तुटल्या, दोन्ही पेडलच्या टोकाशी. दुसरी तुटली तेव्हा मेस्त्री नवी टाकायला तयार होईनात. म्हणाले, ‘साहेब, केबल तुटतेय म्हणजे तिला कुणीतरी जास्त ओढायला लावतंय. आधी तो शोधू.’

मग त्यांनी गाडीपुढे उकिडवं बसून जे केलं, ते आजही डोळ्यांसमोर आहे. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपासून केबलचं टोक सोडलं. मला आत बसवून पेडल हाताने दाबायला लावलं. ते अलगद गेलं, म्हणजे पेडलच्या पिनेचा आणि बुशचा दोष नाही. तुटक्या केबलची आतली तार त्यांनी बाहेरच्या नळीत पुढेमागे सरकवून पाहिली. तीही सरळ सरकत होती. शेवटी लिव्हर हाताने हलवली. बेअरिंग प्रेशर प्लेटला टेकेपर्यंत ती सैल हलायला हवी. तिथेच अडकत असेल तर फोर्कच्या शाफ्टचे बुश कोरडे पडून गंजलेत असं समजायचं. ती सैल होती, पण टेकल्यावर दगडासारखी घट्ट. आता फक्त प्रेशर प्लेट उरली होती, आणि मगच त्यांनी गिअरबॉक्स उतरवला.

क्लचप्लेट रिबिटांपर्यंत झिजली होती. प्लेट जाड असताना प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं ठरलेल्या कोनात असतात. क्लचप्लेट झिजत गेली की बोटं बेअरिंगच्या बाजूला उठतात आणि त्यांना दाबायला जास्त जोर लागतो. हे त्यांनी मला स्वतःच्या हाताची बोटं वर करून दाखवलं होतं. नखांत काळं ग्रीस होतं. त्या जादा जोरानेच दोन केबलचा जीव घेतला होता.

त्या दशकातला एक राग मात्र अजून आहे. केबल तुटली की बाजारात सीलबंद खोक्यातून नकली केबल गळ्यात मारायचे. दोन महिन्यांत आतलं अस्तर सोलपटून निघायचं, तार खरवडत चालायची आणि गिऱ्हाईक मेस्त्रीला शिव्या द्यायचं. आमच्या मेस्त्रींनी अशा शिव्या पुष्कळ खाल्ल्या.

पुढच्या पंचवीसेक वर्षांत सांगण्यासारखं फारसं नाही. दारात दुसरी गाडी आली, हायड्रॉलिक क्लचची. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चं उत्पादन थांबलं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. तेही भरलं. गॅरेजांची वर्कशॉपं झाली, बसायला सोफा आणि चहा आला, आणि गिऱ्हाइकाला गाडीजवळ उभं राहायची बंदी झाली. माझं खरं दुःख या शेवटच्या गोष्टीचं आहे. पूर्वी दोष सापडताना आपण पाहायचो. आता नुसतं बिल पाहतो.

वर्कशॉपमधून परत आल्यावर मी मेस्त्रींना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘केबल सोडून बघितली का त्यांनी?’

कुणीच बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच पाना घेऊन बसलो. केबल सोडली, पेडल अलगद गेलं. लिव्हर बेअरिंगपर्यंत सैल. केबलची तार मात्र वळणावर येताच अडली. ओढून काढली तर मधले धागे तुटून ब्रशसारखे पसरलेले, अस्तराचा भुगा झालेला. वर्कशॉपने नवा सेट बसवून तीच केबल परत जोडली होती, आणि तीही ताणून. फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, अजिबात ठेवला नव्हता. म्हणजे नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून विनाकारण फिरत होतं. नाना पेठेतून ३८० रुपयांची अस्सल केबल आणली, तीव्र वळण न देता बसवली, नटाने प्ले दिला. पेडल हाताने दाबलं तरी जाऊ लागलं.

तुमच्याकडे अशी केबलची जुनी गाडी असेल आणि क्लच जड झाला असेल, तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी केबल सोडून बघायला सांगा, आणि ती सोडेपर्यंत गाडीजवळून हलू नका.