चाकांवरचं चित्रपटगृह

अंबडला नवरात्रात मत्स्योदरी देवीची यात्रा भरते. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देऊळ आणि पायथ्याशी माणसांचा पूर. महाराष्ट्रातल्या अशा मोठमोठ्या यात्राजत्रांतून देवदर्शनाइतकीच ओढ लावणारी आणखी एक गोष्ट अनेक दशकं होती, ती म्हणजे तंबूतला सिनेमा. तालुक्याच्या गावांना कलादालन नव्हतं, बऱ्याच गावांना थिएटरही नव्हतं. जे होतं ते ट्रकमधून येत होतं. टुरिंग टॉकीज ही ग्रामीण महाराष्ट्राची खरीखुरी कलासंस्था होती, आणि तिची नोंद त्याच मानानं व्हायला हवी.

चित्र दारी येण्याची रीत

चित्र घेऊन गावोगाव जाणं आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. अंबडच्या शेजारी, गोदाकाठी पैठण आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या ‘पैठणी चित्रां’ना या गावानंच नाव दिलं. चित्रकथी ही चित्रं एकेक करून लोकांपुढे धरायचे आणि कथा सांगायचे. मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत रेषांची ती चित्रं रात्रीच्या मिणमिणत्या उजेडातही ओळखू यावीत अशीच काढलेली आहेत.

1892 च्या सुमाराला कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या झोतानं पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन व संगीत असायचं. पटवर्धन कुटुंबानं हे खेळ ठिकठिकाणी नेले. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा अंधारात बसून पडद्याकडे बघायची सवय आपल्या काही प्रेक्षकांना आधीच लागलेली होती.

पुढे अब्दुलअली युसूफअली यांच्यासारख्या मंडळींनी तंबू घेऊन देशभर खेळ केले. 3 मे 1913 ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि देशी कथा पडद्यावर आली. त्यानंतर तंबूवाल्यांकडे दाखवण्यासारखं आपलं असं काही आलं. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. पण त्या चित्रपटाचा खरा मान खेड्यांनी केला. पडद्यावर तुकोबा दिसले की लोक हात जोडायचे.

ट्रकच्या पोटातलं मशीन

महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि मे महिन्यापर्यंत चालायचा. पाऊस आला की डेरा गुंडाळायचा. एका गावची यात्रा उरकली की बांबू, कनाती, दोरखंड, पडदा, जनरेटर असं सगळं ट्रकमध्ये भरून पुढचं गाव गाठायचं. ट्रक नुसता वाहतुकीचा नसे. मशीन त्याच्या मागच्या भागात पक्कं बसवलेलं असायचं, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर तोच ऑपरेटरची खोली व्हायचा. ट्रकच्या मागून निघालेला झोत तंबूच्या दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर पडायचा.

हे मशीन चालवणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हतं. जुन्या प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे, कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांची टोकं एकमेकींना टेकवून किंचित दूर केली की मधल्या फटीत विजेची प्रखर ज्योत पेटते. कांड्या जळत जातात, फट वाढते, उजेड मंदावतो आणि लक्ष नसेल तर विझतो. म्हणून ऑपरेटर गडद काचेतून ज्योतीकडे बघत कांड्या सारत राहायचा. पुढे पडद्यावर नायिका रडत असो की नायक मारामारी करत असो, त्याची नजर त्या टिचभर आगीवरच असायची.

दुसरी करामत फिल्मच्या चालीत आहे. पडद्यावर चित्र सलग हलताना दिसतं, पण मशीनमधली फिल्म झटक्याझटक्यानं सरकते. एक चौकट दिव्यापुढे क्षणभर थांबते, मग पातं आडवं येऊन उजेड अडवतं, तेवढ्यात फुलीच्या आकाराचं चक्र फिरून पुढची चौकट खाली ओढतं. सेकंदाला 24 चौकटी. प्रत्येक चौकटीवर उजेड दोनदा पाडतात, त्यामुळे डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. मिनिटाला 90 फूट फिल्म लागते. अडीच तासांच्या चित्रपटाची फिल्म साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरच्या वर भरते.

प्रिंटच्या पेट्या तंबूत पोचेपर्यंत बऱ्याच थिएटरांतून फिरून आलेल्या असत. फिल्म ओरखडलेली, कडेची भोकं फाटलेली असायची. रीळ मध्येच तुटलं की तंबूत शिट्ट्या सुरू होत. ऑपरेटर तुटलेली टोकं कापायचा, एका टोकावरचा लेप ब्लेडनं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दोन्ही टोकं दाबून धरायचा आणि रीळ पुन्हा चढवायचा. प्रत्येक जोडणीत एखाद-दोन चौकटी कमी व्हायच्या.

तंबू उतरला, पुढे काय?

1971 चा दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आणि 1991 चा ‘माहेरची साडी’ यांच्यावर खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकानं भरभरून प्रेम केलं. मग घरोघरी टीव्ही आला, व्हीसीडी आली, मोबाइल आला. 2010 नंतरच्या काही वर्षांत फिल्मच्या प्रिंट निघणंच थांबत गेलं. तंबूवाल्यांना डिजिटल मशीनकडे वळावं लागलं आणि लोखंडी प्रोजेक्टर भंगारात जाऊ लागले.

या शेवटच्या काळाची उत्तम नोंद शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात केली आहे. 2016 साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करणारे आणि स्वतःच्या डोक्यानं नवा प्रोजेक्टर घडवणारे एक कारागीर भेटतात. असं ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ते हातात असतं आणि हातांबरोबरच जातं.

चित्रपट जपण्यासाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुंबईच्या गुलशन महलात 2019 पासून भारतीय सिनेमाचं संग्रहालय आहे. छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, जगभरचं काम मराठवाड्यात आणतो. या सगळ्याचा अभिमान वाटतो. पण या तिन्ही ठिकाणी प्रेक्षकानं जायचं असतं. तंबूचं तत्त्व उलटं होतं. जिथे माणसं जमतात तिथे चित्र न्यायचं, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला परवडेल अशा तिकिटात दाखवायचं.

हे तत्त्व आजही अमलात आणता येतं, आणि आता ते पूर्वीपेक्षा सोपं आहे. एक चांगला डिजिटल प्रोजेक्टर आज एका माणसाला उचलता येतो. मत्स्योदरीच्या यात्रेत एक मांडव घालावा. एका बाजूला पैठणी चित्रांच्या प्रतिकृती लावाव्यात. दुसऱ्या बाजूला कार्बनचं जुनं मशीन उघडून मांडावं आणि एखाद्या जुन्या ऑपरेटरला मानधन देऊन ते मुलांना समजावून सांगायला बसवावं. रात्री परवानगी घेऊन ‘संत तुकाराम’ दाखवावा. नगरपरिषद, तालुक्यातली महाविद्यालयं आणि यात्रेची व्यवस्था पाहणारी मंडळी एकत्र बसली तर हा खर्च आवाक्याबाहेरचा नाही. जुने ऑपरेटर हयात आहेत तोवरच हे करायला हवं, कारण ते मशीन चालवून दाखवणारं दुसरं कोणी नाही.